आधी विचार, मग सेवा

प्रिय मित्रा,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. आजारी आणि एकट्या माणसांना भेटण्याचं काम मंडळीने तुझ्यावर सोपवलं, हे वाचून आनंद झाला. सेवेत नम्र राहायचं म्हणजे स्वतःला कमी लेखायचं, असं तू मनाशी धरलेलं दिसतंय. ते काही मला पटत नाही. ‘मी कोण, मी तर काहीच नाही’ असं घोकत बसलास तरी सगळं लक्ष तुझं तुझ्यावरच!

मार्ककृत शुभवर्तमानाचा 10वा अध्याय एका बैठकीत वाचून काढ. याकोब आणि योहान हे दोघे शिष्य येशूकडे येतात आणि म्हणतात, आम्ही मागू ते आमच्यासाठी करा. तो विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? एकाला त्याच्या वैभवात उजवीकडची जागा हवी असते, दुसऱ्याला डावीकडची. बाकीचे दहा शिष्य चिडतात. (त्याच जागांवर त्यांचाही डोळा असणार, असा मला दाट संशय आहे.) मग येशू त्यांना सांगतो, ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं, मनुष्याचा पुत्रसुद्धा, म्हणजे तो स्वतः, सेवा करून घ्यायला नाही, तर सेवा करायला आला आहे. हे 45वं वचन आपल्याला तोंडपाठ असतं आणि आपण तिथेच थांबतो. थोडा पुढे जा. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडतोय, लोक त्याला दटावून गप्प करताहेत. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि तोच प्रश्न त्यालाही विचारतो: मी तुझ्यासाठी काय करावं? अरे, आंधळ्याला काय हवंय हे न कळण्यासारखं होतं का? तरीही विचारलं. अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसालाही त्याने आधी विचारलं होतं, तुला बरं व्हायचंय का?

सेवेतली नम्रता या विचारण्यापासून सुरू होते, असं मला वाटतं. समोरच्याचं भलं कशात आहे हे त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं गृहीत धरलं की कितीही गोड बोललो तरी तो ताठाच.

त्या आजींचंच घे. तू अर्धा दिवस खपून त्यांचं कपाट आवरलंस, औषधांच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्यास, त्या वरच्या फळीवर ओळीने मांडल्यास. पुढच्या खेपेला जाऊन बघतोस तर डब्या परत उशाशी, जुन्या पत्र्याच्या पेटीत, आणि चिठ्ठ्या उपटलेल्या. ‘केलेल्याची काही किंमतच नाही’ असं तू लिहिलंस. खरं सांगू? मी आजींच्या बाजूने आहे. रात्री खोकल्याची उबळ आली तर अंधारात हात घातल्याबरोबर औषध सापडायला हवं. फळीपर्यंत हात पोचतो का, हे तू त्यांना विचारलं होतंस का? आता गेलास की काही न आवरता नुसता बस. कदाचित त्यांना कुणी स्तोत्र वाचून दाखवायला हवं असेल, कदाचित फक्त खिडकी उघडून हवी असेल.

दुसरी गोष्ट जरा तुझ्यावरच येते. योहानकृत शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, बाह्यवस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुऊ लागतो. आपल्याला शत्रूंच्या हाती धरून देणारा कोण हे ठाऊक असूनही यहूदाला त्याने वगळलं नाही. अडला तो पेत्र. माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, म्हणाला. ऐकायला किती नम्र! पण येशूने त्याला साफ सांगितलं की मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. तू तापाने पडला होतास तेव्हा मंडळीतली मुलं जेवण घेऊन आली आणि तू ‘कशाला त्रास घेता’ म्हणत त्यांना दारातून परत पाठवलंस. तो पेत्रपणाच झाला. सतत देणाऱ्याच्याच जागी राहायला सगळ्यांनाच आवडतं.

आणि ‘मी एक रविवार नसलो तर सगळं अडतं’ हे वाक्य तुझ्या पत्रात मोठ्या कौतुकाने आलंय! बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 6वा अध्याय काढ. रोजच्या वाटपात आमच्या विधवांची आबाळ होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची कुरकुर होती. प्रेषितांनी सारवासारव केली नाही. सात माणसं निवडायला लावली आणि काम त्यांच्या हवाली केलं. स्तेफन, फिलिप्प, नीकलाव... सातही नावं ग्रीक आहेत! संत बेनेडिक्टने तर 6व्या शतकात आपल्या मठाच्या नियमांत स्वयंपाकघराची पाळीच लावून दिली. आठवडा संपला की पाळी सोडणाऱ्याने हातपाय पुसायचे रुमाल धुवायचे, भांडी स्वच्छ आणि धड परत करायची आणि नव्या पाळीवाल्याबरोबर सगळ्यांचे पाय धुवायचे. कुणाला नम्र वाटतंय की नाही, याची वाट बघत बसायलाच नको.

तेव्हा भेटींची तुझी ती वही महिनाभर त्या मुलांपैकी कुणाकडे तरी दे. पाळकांशी आधी बोलून घे. ती मुलं भेटींचा क्रम बदलतील, एखादं घर विसरतील. लगेच दुरुस्त करायला धावू नकोस. वही कुणाकडे गेली ते कळव.

तुझाच,
जुना मित्र