रँडसाहेबाचं पत्र

प्रिय विन्या,

फोनवरच सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतोस. माझी शुगर बरी, गुडघा तसाच.

चतुर्थीआधी शाळा रंगवायला काढलीय. काल चौथीच्या वर्गातलं कपाट सरकवलं, तर मागे भिंतीवर कोळशाच्या रेघा. मोजल्या. चौदा. बाबलच्या, मे 2020 मधल्या. रंगारी म्हणाला, "पोरांनी काढल्या काय?" मी हो म्हटलं.

तेव्हा तू मला ‘रँडसाहेब’ म्हणालास आणि मी महिनाभर तुझा फोन उचलला नाही. (98 साली तुला रनआउट दिलं तर तू सहा महिने अबोला धरलास, आणि तू आउटच होतास.) पण आदेशाच्या कागदावर वरच साथरोग कायदा 1897 असं छापलेलं. पुण्याच्या प्लेगात रँडच्या पाठीशी होता तोच. माझ्यापाशी काय, एक शिट्टी, एक वही आणि कोरोनासाठी नेमलेल्या ग्राम कृती दलाचं ओळखपत्र. तेवढं पुरलं.

पाणंदीवर चिव्याची काठी आडवी टाकून बसायचो. चाकरमानी आला की नाव, मुंबईत खोली कुठे, गाडी कुणाची. कुणी खोकलं की वाडीभर बातमी. व्हॉट्सॲपवरचा कसलासा व्हिडिओ बघून आपल्या पाववाल्या चाचाला मीच परत पाठवला, तीस वर्षं त्याचा पाव खाऊन. पुढे तबलिगच्या 29 परदेशी लोकांवरचे गुन्हे औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले, त्यांना बळीचे बकरे केल्यासारखं दिसतं म्हणाले. निकाल 21 ऑगस्टचा, चतुर्थीच्या आदल्या दिवसाचा. मी तेव्हा गणपतीवरच्या माटवीला कवंडळं बांधत होतो.

आणि आंब्याचे टेम्पो मात्र वाशीला जाऊन येत होते. ड्रायव्हर आमच्या खळ्यात चहा प्यायचे. त्यांना कुणी कोंडलं? पेट्या माझ्याही होत्या ना त्यात.

बाबलच्या डाव्या हातावर होम क्वारंटाईनचा शिक्का होता. होम! आम्ही त्याला शाळेत घातला. खिडकीतून म्हणायचा, "घर माझा हयसून दिसता रे." दिसायचंच. काकी पेज घेऊन आली की मी लांबूनच ओरडायचो, "कठड्यावर ठेवा, मागे व्हा!" खरं सांगू? भीती पहिले आठ दिवस. मग मजा यायला लागली. जन्मात पहिल्यांदा लोक मला विचारून पाऊल टाकत होते.

काकी अजून मला चहा हातात देत नाही. पडवीच्या कठड्यावर ठेवते आणि मागे होते. पाच वर्षं झाली. सवय म्हणू की टोला? बाबलला विचारायचं धाडस नाही, आणि परवा तो येतोय, माटवी बांधायला मलाच बोलावलंय.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीचे दहावीचे मार्क कळले, पेढे राहिले. वहिनींना नमस्कार.

रंगारी उद्या चौथीच्या वर्गात शिरेल. कपाट मी होतं तिथेच परत लावून ठेवलंय. कोकणकन्याने येणार असशील तर कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
रँड