आई, बाबा, फोनवर सांगायचं राहिलं ते

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर दोनदा तोंडापर्यंत आलं होतं, पण आई तू गुडघ्याचं सांगत होतीस आणि मागे बाबांचा खोकला ऐकू येत होता, मग राहूनच गेलं. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून सगळं वाचा आणि मग आईला वाचून दाखवा, अर्ध्यातच फोन लावू नका.

१ तारखेपासून मी आपल्या डब्यांच्या वेबसाईटसाठी एक सीनियर डेव्हलपर कामावर घेतलीय. पगार महिना सव्वा लाख. बाबा, रिटायर होताना तुमच्या हातात किती येत होते ते मला पाठ आहे, त्यामुळे हा आकडा लिहिताना माझा हात थांबला होता. आणि याचा अर्थ असा की दिवाळीला तुमच्या एफडीतले दीड लाख परत देणार होते ते आता दिवाळीला जमणार नाही, अक्षय्य तृतीयेपर्यंत देते. तुम्ही कधीच मागितले नाहीत, मागणारही नाही, तेच जास्त लागतं मनाला.

पण तुमचं काहीही थांबत नाहीये. ५ तारखेचे पैसे ५ तारखेलाच येतील. मेडिक्लेम भरलेला आहे. आई, संडासाचं कामही थांबणार नाही, मिस्त्रीला मी अॅडव्हान्स पाठवलाय, कमोड बसेल आणि भिंतीला धरायला स्टीलचा दांडा पण, तुला आता उकिडवं बसावं लागणार नाही. टाईल्स खरबरीत लावायला सांगितल्यात, गुळगुळीत चांगल्या दिसतात म्हणून बदलू नकोस.

आता का घेतली ते सांगते. आषाढी एकादशीचं मी तुम्हाला नीट सांगितलंच नव्हतं, नुसतं 'गडबड झाली' एवढंच म्हटलं होतं. आपल्याकडे किचनची यादी पहाटे ४ वाजता निघते, कुणाला डबा, कुणाची सुट्टी, कुणाला उपवासाचं. आपली साईट सांभाळणाऱ्या बंड्याने दोनच दिवस आधी सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं होतं, आणि त्या सर्व्हरचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे रात्रीचे बारा होऊन तारीख बदलते. चारला यादी काढली ती आली दशमीची. कुणाच्या लक्षात आलं नाही, मावशी पोळ्या लाटत होत्या, मी भाजीच्या गाडीशी होते. उपवासवाल्या २१२ लोकांकडे पोळी-भाजी गेली. सहकारनगरच्या एक आजी आहेत, एकट्याच असतात, मुलगा बाहेरून पैसे भरतो, त्यांचा फोन आला, "अगं बाळा, माझा उपवास आहे गं, आज डब्यात हे कसं आलं?" ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आपल्याच चुकीसारखं बोलत होत्या. मी स्वतः साबुदाणा घेऊन गेले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता आणि आजी नुसत्या पाण्यावर बसल्या होत्या. आई, मला तिथे तूच दिसलीस.

दुसरं पैशाचं. गिऱ्हाईकाने पैसे भरले की पेमेंटवाल्यांकडून आपल्या साईटला मेसेज येतो, आणि आपल्याकडून वेळेत पोच गेली नाही तर ते तोच मेसेज परत पाठवतात, सगळीकडे अशीच पद्धत आहे. आपली साईट त्या दुसऱ्या मेसेजला दुसरं पेमेंट समजत होती. तीन महिन्यांत ४५ लोकांच्या खात्यात २६ च्या जागी ५२ डबे पडले, म्हणजे पावणेदोन लाखांचे डबे आपण फुकट वाटले. बाबा तुम्हाला हे लगेच समजेल, एकच तिकिटाचा गठ्ठा वेबिलात, कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदावर, दोनदा चढवल्यासारखं आहे हे.

शाळा सुटल्यावर मी तुमचा डबा घेऊन डेपोत यायचे ते आठवतं का? कॅशच्या खिडकीपुढे तुम्ही वेबिल भरत बसलेले असायचात, बोटाला शाई, खाकी शर्टाला डिझेलचा वास, आणि मी बाकड्यावर पाय हलवत, डबा मांडीवर, भाकरी गार होतेय म्हणून चिडलेली. एकदा साडेतीन रुपये कमी आले. तुम्ही खिशातले भरले, घरी आलात, जेवलात, आणि मध्यरात्री उठून दिवा लावून कागद घेऊन बसलात. पैसे भरून झालेत मग आता कशाला, असं आई म्हणाली तर तुम्ही म्हणालात, "भरले गं, पण गेले कुठे?" मी गोधडीतून बघत होते. या तीन महिन्यांत मी तशीच रात्री उठून बसत होते बाबा, फक्त मला ते शोधता येत नव्हतं, कारण ते कोडमध्ये होतं आणि मला कोड येत नाही.

आधी एका कंपनीला काम देऊन बघितलं, अॅडव्हान्स घेऊन चार महिने नुसत्या मीटिंगा झाल्या. मग ठरवलं की माणूस आपलाच पाहिजे, रोज आपल्यातला. नऊ जणांशी बोलले. मला त्यांचं टेक्निकल काय तपासता येणार, म्हणून मी आपलाच हिशोब घातला सगळ्यांना, की एकाने १ तारखेला २६ डबे घेतले, ९ पासून चार दिवस सुट्टी टाकली, ११ ला पत्ता बदलला आणि १५ ला म्हणाला उरलेले पैसे परत द्या, तर किती द्यायचे आणि साईटने हे कसं लक्षात ठेवायचं. बरेच जण म्हणाले आहे ते सगळं टाकून नव्याने बांधू, सहा महिने लागतील. ह्या बाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "पोळ्या किती वाजता लाटायला घेता?" मला कळेना हा काय प्रश्न. तर म्हणे तुमची खरी वेळ रात्री बाराची नाही, कणीक भिजवण्याची आहे, सुट्टी त्याच्या आधी मिळाली तर फायदा, नंतर मिळाली तर पोळी लाटून झालेली असते.

वर्ध्याच्या आहेत, चाळिशीच्या पुढच्या, १६ वर्षं हेच काम करतायत. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेचारला न सांगता किचनमध्ये हजर. डोक्याला रुमाल बांधून कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. आपली यादी एरियाप्रमाणे निघते, आणि मावशींना तर किती पोळ्या ते पाहिजे असतं, म्हणून त्या रोज यादीच्या मागे पेनाने बेरीज करत बसतात, ६४० डबे, १९०० च्या वर पोळ्या, रोज, पेनाने. मी इतकी वर्षं तिथे उभी आहे आणि मला ते दिसलं नाही. बाईंनी पहिल्याच आठवड्यात यादीच्या डोक्यावर पोळ्यांचा आकडा आणून दिला. घड्याळाचंही दुरुस्त झालं, आणि पेमेंटचा एक नंबर एकदाच मोजायचा हेही. रोज रात्री बँकेत आलेले पैसे आणि वाढलेले डबे समोरासमोर जुळवतात, फरक आला की मला मेसेज. काल रात्री मेसेज आला नाही. मी साडेदहाला झोपले.

बाबा, तुमचा तो प्रश्न, लोकांचे पैसे आपोआप कापणं बरोबर आहे का. पहिल्यांदा परवानगी गिऱ्हाईक स्वतः पिन टाकून देतो, नंतर दरवेळी पैसे कापायच्या २४ तास आधी त्याला मेसेज जायलाच पाहिजे असा आरबीआयचा नियम आहे, नको असेल तर तो बंद करू शकतो. रक्कम १५ हजारांच्या वर असली तर ओटीपी लागतो, आपला महिना ३,९०० चा आहे. आणि कुणाच्या कार्डाचा नंबर आपल्याकडे नसतो, ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तो ठेवताच येत नाही. त्या आजींना तर मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय कसं बंद करायचं ते.

आता बंड्याचं. आत्याचा फोन येऊन गेला असेलच. मी त्याला काढलेलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये घराघरात कोविडचे पेशंट होते, आपण ११ डबे करत होतो, तेव्हा त्याने चार रात्रींत साईट उभी करून दिली, एक पैसा न घेता, आणि २०१९ च्या पुरात त्याने बाबांसाठी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणूनच आधी त्यालाच सांगितलं, समोर बसवून. तो काही बोलला नाही. उठला, स्वतःची ताटली धुतली, मग दारातून म्हणाला, "ताई, एकादशीपासून मला झोप नाही." आता तो बाईंच्या हाताखाली शिकतोय, पगार आहे तोच आहे, त्या त्याचं रोज बघून देतात. आत्याला हे तू सांग आई, बाबांनी नको, बाबांचा आवाज चढतो.

आणि आता ऐका. बाबा, उजव्या डोळ्याची तारीख घ्यायची आहे, पुढच्या महिन्यात, मी सुट्टी काढलीय, 'अजून दिसतंय की' हे ऐकणार नाही. अंधार पडला की स्कूटर नाही. आयर्विन पुलाशी नदीची पातळी बघायला पावसात चालत जायचं नाही, मोबाईलवर कळते. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, डबीत वार लिहिलेत. आई, माळ्यावर चढायचं नाही, डबे काढायला शेजारच्या पोराला हाक मार. उन्हाळ्यात तू ४० किलो चटणी केलीस, डंकावर रांगेत उभी राहिलीस, आता पुरे. पुढच्या वर्षी इथे दोघी जणी कुटून आणतील, तू फक्त खुर्चीत बसून प्रमाण सांगायचं, कारण तुझ्या हातची चटणी नसली तर लोक मला फोन करून विचारतात, काय बदललं म्हणून.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतेय, पहाटे पोचेन. सगळे हिशोब प्रिंट काढून आणतेय बाबा, तुम्ही पेनाने तपासा, जिथे अडेल तिथे खूण करा. सोमवारी बाईंना मी ते तसंच दाखवणार आहे. आई, माझ्यासाठी उठून काही करत बसू नकोस, रात्रीची भाकरी उरली असेल तर ठेव, दुधात कुस्करून खाईन. आतून कडी लावू नका, किल्ली आहे माझ्याकडे.

तुमची
मनू