'इथे' म्हणजे कुठे?

रावेर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा जळगावला कॉलेजात तू मला तो डोळ्यांवर चढवायचा हेडसेट घालायला दिलास, तेव्हापासून एकच गोष्ट मनात घोळतेय. अर्धा किलोचं ते ओझं डोक्याला जड झालं खरं. पण समोरचं टेबल, तुमच्या वह्या जशाच्या तशा दिसत होत्या, आणि त्याच टेबलावर उघडा गिअरबॉक्स फिरत होता. रिकाम्या खुर्चीत तुझी मैत्रीण दिसत होती, जी खरं तर तिकडे धडगावला घरी होती. एका टोकाला खरं जग, दुसऱ्या टोकाला पूर्ण आभासी, मधला सगळा पट्टा मिक्स्ड रिॲलिटीचा. मिलग्राम आणि किशिनो या संशोधकांनी १९९४ साली हे मांडलं, असं तू सांगत होतीस. मला मात्र आपला केळीचा बाग आठवत होता.

केळीच्या पानांवरच्या करपा रोगाचं मार्गदर्शन मी मोबाइलवर ऐकलं होतं ना? साहेब शेतात उभे राहून म्हणायचे, "हे पान बघा, इथून कापा." 'हे' म्हणजे कोणतं, 'इथून' म्हणजे कुठून, काही उमगेना. चारचौघांत विचारायची लाज वाटली. तासभर मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी चांगली पानंही कापून टाकली.

तुम्ही पोरी अभ्यासाला बसलात की निम्मं याच शब्दांत बोलता. 'हे बघ, इथे अडतंय.' तुमच्या टेबलाचा कोपरा आणि त्या मैत्रिणीच्या घरच्या टेबलाचा कोपरा एकच धरलाय, म्हणून तिनं तिकडे गिअरच्या ज्या दात्यावर बोट ठेवलं, त्याच दात्यावर ते इकडे दिसलं. चेहरा काय, व्हिडिओ कॉलवरही दिसतो. हे बोट फार मोलाचं आहे, बेटा.

पण नेट अडलं, तिची आकृती जागीच गोठली, आणि तुम्ही चौघी पुढच्या गणिताला लागलात. ते मला फार लागलं. नेट कमी पडलं तर चित्र जाऊ दे, तिचा आवाज आधी टिकेल असं काही करा. गिअरबॉक्स तुम्हीच फिरवत होतात. तिलाही फिरवू द्या, तुमची चूक दाखवू द्या. कॉलेजचा हेडसेट तिच्याकडे किती दिवस राहणार? फोनवरही हे थोडंफार चालतं म्हणालीस, पण सगळ्याच फोनवर नाही. तिचा फोन कोणता, ते आत्ताच बघून ठेव.

आणि तिच्याकडे रेंज कोणत्या वेळी बरी असते, हे तिला विचार. पहाटेची असेल तर पहाटे बसा.

तुझे पप्पा