बाबांचा अबोला

डेन्व्हर, रविवार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

सलग दोन रविवार बाबा फोनवर आले नाहीत. "झोपलेत," म्हणालीस आई, आणि मागे बातम्या मोठ्याने चालू होत्या. तुला खोटं बोलता येत नाही गं. म्हणून पत्र.

हो बाबा, पोलिसांच्या बजेटमधले थोडे पैसे दुसरीकडे वळवा असं सिटी कौन्सिलपुढे बोलणारी ती मीच. काकांनी फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी मी सांगायला हवं होतं, तेवढं चुकलं. आणि हॉस्पिटल सोडलंय. एक तारखेपासून 'स्टार'च्या व्हॅनवर जाते, म्हणजे मानसिक त्रासातल्या माणसाकडे पोलिसांऐवजी जाणारी इथली गाडी. पगार थोडा कमी, पण विमा आहे, रात्रपाळी नाही. जेवण वेळेवर होईल, आई.

"पोलिसाच्या पगारावर वाढलेली पोर," असं म्हणालात ना? वाढलेच. विसर्जनाचा बंदोबस्त आटोपून तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी घरी यायचात. मी बूट काढायला बसायचे, आणि दुसरा मोजा ओढेपर्यंत तुम्ही खुर्चीतच झोपलेले असायचात.

स्टँडवरचा तो कपडे फाडून धावणारा माणूस आठवतो? लोकांनी तुम्हालाच बोलावलं. तुम्ही लाठी टपरीवर ठेवलीत आणि त्याच्याशेजारी चहा घेत दोन तास बसलात. रात्री आईला म्हणालात, "हे काम आपलं नव्हे, पण दुसरं आहे कोण?" इथे 2020 पासून दुसरं कोणीतरी आहे, एवढंच. व्हॅनमध्ये एक समुपदेशक, एक पॅरामेडिक. बंदूक नाही, बेड्या नाहीत. पहिल्या 6 महिन्यांत 748 ठिकाणी गेले, अटक एकही नाही.

चोर आला तर समुपदेशक पाठवणार का, असं विचारलंत म्हणे. नाही हो. चोर असो नाहीतर हत्यारवाला, तिथे पोलीसच. टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहराने पोलिसांचे पैसे कापून वर्षभरात परत दिले, हे तुमचं खरं. पण त्या कपातीत बरेचसे विभाग नुसते दुसऱ्या खात्यात हलवले होते, आणि परत दिले ते टेक्सासने कायदाच केला म्हणून. 2020 मध्ये खून वाढले हेही खरं, अमेरिकाभर जवळजवळ 30 टक्के. पण ज्यांनी बजेट वाढवलं त्या शहरांतही वाढले.

तुम्ही न विचारलेलं मीच सांगते. ही व्हॅन पोलिसांचे पैसे कापून सुरू झाली नाही. मानसिक आरोग्यासाठी 2018 मध्ये लोकांनी मत देऊन विक्रीकर वाढवून घेतला, त्यातून झाली. "मग आमच्या ताटातलं कशाला?" असं म्हणाल. कारण तुमच्या ताटात नको ते फार वाढून ठेवलंय, बाबा. पटलं नाही तर भांडा, पण फोनवर या.

आता ऐका. गुडघ्याचा पट्टा लावल्याशिवाय जिना उतरायचा नाही. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, गोळ्यांचा डबा तू भर, ते स्वतः भरतात तेव्हा दुपारचा कप्पा रिकामा असतो. गिझरवाल्याला उद्याच बोलाव, पैसे मी पाठवलेत.

काळजी करू नका, आम्ही दोघं असतो गाडीत. चहाचा थर्मास नेता येतो का, तेही विचारून ठेवलंय. येतो.

तुमची,
चिमी