‘हाउस’ हे घराचे जतन नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत रेचल व्हाइटरीड या ब्रिटिश शिल्पकर्तीवर आलेला लेख वाचला. स्मारक म्हटले की पुतळा आणि पुतळा म्हटले की त्याची उंची, यापलीकडे आपल्याकडची शिल्पचर्चा सहसा जात नाही. अशा वेळी पुतळे न घडवता नावारूपाला आलेल्या एका कलावतीची ओळख मराठी वाचकांना करून दिल्याबद्दल लेखकाचे आणि आपले आभार मानले पाहिजेत. तथापि, व्हाइटरीड ‘पाडल्या जाणाऱ्या घरांचे जतन करतात’ हे लेखाचे मध्यवर्ती विधान मला पटले नाही, आणि त्या विधानावर बेतलेली शेवटची सूचना, म्हणजे मुंबईतल्या बीडीडी चाळीच्या एका खोलीचे असेच शिल्प करावे ही, अधिकच विचारात पाडणारी वाटली. म्हणून हे पत्र.

मी स्थापत्य अभियंता असून माझी बहुतेक नोकरी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत गेली. कलेचा माझा रीतसर अभ्यास नाही. व्हाइटरीड यांच्या कामाकडे मी वळलो तो त्यातल्या काँक्रीटमुळे. आमच्या कामात साच्याचे कौतुक कोणी करत नाही. प्लेटा लावायच्या, त्यांना तेल फासायचे, माल ओतायचा आणि तो पक्का झाला की सेंटरिंग खोलून त्याच प्लेटा पुढच्या मजल्यावर चढवायच्या. व्हाइटरीड यांनी साच्याच्या जागी माणसे राहून गेलेले घर ठेवले, आणि तिथून पुढे साऱ्याच गोष्टींचे अर्थ बदलले.

१९९० साली उत्तर लंडनमधल्या आर्चवे रोडवरच्या एका व्हिक्टोरियन घरातील बैठकीच्या खोलीचा त्यांनी प्लास्टरमध्ये ठसा घेतला. ‘घोस्ट’ या नावाने ते शिल्प ओळखले जाते. लेखात त्याला ‘खोलीची प्रतिकृती’ म्हटले आहे. प्रतिकृतीत भिंत भिंतीच्या जागी असते. इथे भिंती मुळी नाहीतच. भिंतींनी जी पोकळी वेढली होती ती भरीव होऊन समोर उभी आहे. त्यामुळे आतबाहेरचा सगळा हिशेब उलटा होतो. भिंतीच्या तळाशी पुढे आलेली लाकडी पट्टी इथे खाच बनते, दारातले खोलगट चौकोन फुगून बाहेर येतात, विजेच्या बटणाच्या जागी खळगा दिसतो आणि शेकोटीची पोकळी ठोकळ्यासारखी पुढे येते. त्या ठोकळ्याच्या पांढऱ्या प्लास्टरला जुन्या शेकोटीतली काजळी तशीच चिकटलेली आहे. प्लास्टरचे चौकोन लोखंडी सांगाड्यावर बसवलेले असून त्यांचे सांधे लपवण्याचा प्रयत्न केलेला नाही. पाहणारा जिथे उभा राहतो तिथे खरे तर भिंत असायला हवी होती. म्हणजे भिंतीला जी खोली दिसत होती ती आता आपल्याला दिसते, पण तिच्यात शिरायची मात्र सोय नाही.

असे शिल्प ‘जगात पहिल्यांदा’ झाले, हा लेखातला दावाही टिकणारा नाही. खुर्चीखालच्या पोकळीचा ठसा घेण्याची युक्ती अमेरिकेच्या ब्रूस नाउमन यांनी साठच्या दशकातच केली होती. मात्र नाउमन यांच्याकडे तो बराचसा बुद्धीचा खेळ होता. राहत्या घराची काजळी त्यात आणली ती व्हाइटरीड यांनी, आणि माझ्या मते त्यांचे श्रेय एवढ्यानेही पुरेसे मोठे ठरते.

आता ‘हाउस’ या त्यांच्या शिल्पाविषयी, कारण लेखाचा सगळा भर त्यावर आहे. पूर्व लंडनच्या बो भागात ग्रोव्ह रोडवर एकमेकांना चिकटलेल्या जुन्या घरांची ओळ पाडून तिथे मोकळे उद्यान करायचे ठरले होते. एका निवृत्त गोदी कामगाराने जागा सोडायला बराच काळ नकार दिल्यामुळे १९३ क्रमांकाचे घर सगळ्यांत शेवटी उरले. अखेर तेही रिकामे झाल्यावर आर्टएंजल या संस्थेच्या पुढाकाराने १९९३ साली ते ठराविक मुदतीसाठी व्हाइटरीड यांच्या हाती आले. वाढणारे वजन पेलण्यासाठी आधी नवा पाया घातला गेला. आतली कपाटे आणि जोडण्या काढून, भोके बुजवून भिंती तयार केल्या. पुढे ठसा सहज सुटून यावा म्हणून त्यांवर एक द्रव फवारला, सळयांची जाळी बांधली आणि तिच्यावर आतून काँक्रीटचा फवारा मारला. आपल्याकडे साइटवर याला गनायटिंग म्हणतात. गिरगाव-काळबादेवीतल्या गंजलेल्या तुळयांवर हेच काम आम्ही वर्षानुवर्षे केले आहे; फरक इतकाच की जुन्या पृष्ठभागाने नव्या काँक्रीटला घट्ट धरावे यासाठी आमचा सारा आटापिटा असतो, आणि इथे त्याने ते अजिबात धरू नये याची काळजी घ्यायची होती. या प्रकल्पाच्या प्रायोजकांत इमारतींच्या संरचनात्मक दुरुस्तीचीच एक कंपनी होती, ही गोष्ट कलासमीक्षकांना किरकोळ वाटेल, मला वाटत नाही. काँक्रीट पक्के झाल्यावर बाहेरच्या विटांच्या भिंती उतरवण्यात आल्या आणि २५ ऑक्टोबर १९९३ रोजी ‘हाउस’ पूर्ण झाले.

यात जतन कुठे आहे, हे लेखकाने सांगायला हवे होते. विटा गेल्या, चौकटी गेल्या, दारे गेली, छप्पर तर ठशात आलेच नाही. जतन करणे म्हणजे काय असते याची आमच्या व्यवसायात साधी कसोटी आहे. तुळई पाडायची नाही, ती आहे तिथेच ठेवून पुन्हा भार घेण्याजोगी करायची, जेणेकरून घरातले माणूस घरात राहू शकेल. ‘हाउस’ने नेमके हेच कायमचे अशक्य करून टाकले. दाराची जागा कळत होती, पण आत जायला आतच उरले नव्हते. मूळ घर मोडल्याशिवाय हे शिल्प दिसूच शकत नव्हते. जुन्या जागेची आठवण टिकवून धरण्यापेक्षा ती जागा गेली आहे हे वजनदार, अडवणाऱ्या रूपात समोर ठेवणे, हे या कामाचे बळ मला वाटते, आणि ‘जतन’ असा गोड शब्द वापरल्याने तेच निसटते. याच सुमारास हॅकनी भागातले उंच निवासी मनोरे स्फोटकांनी पाडले जात होते. व्हाइटरीड यांनी त्यांची छायाचित्रे घेतली आणि १९९६ मध्ये ‘डिमॉलिश्ड’ या नावाने बारा मुद्राचित्रांचा संच केला. त्यात मनोरा उभा आहे, कलतो आहे, धुळीत गेला आहे, एवढेच टप्पे दिसतात. जतन हाच त्यांचा ध्यास असता तर हा संच त्यांनी केला नसता.

‘अडाणी नगरपालिकेने रातोरात कलाकृती पाडली’ हे लेखातले वाक्यही वस्तुस्थितीला सोडून आहे. परवानगी पहिल्यापासूनच तात्पुरती होती. वाद झाला तो मुदत वाढवावी की नाही यावर, आणि तो उघडपणे, वृत्तपत्रांतून, दोन्ही बाजूंनी सह्या गोळा करून झाला. २३ नोव्हेंबर १९९३ हा दिवस तर नाटकात घातला असता तर ओढूनताणून आणलेला वाटला असता. त्या दिवशी व्हाइटरीड यांना वीस हजार पौंडांचा टर्नर पुरस्कार हा ब्रिटनमधला कलेचा नामांकित पुरस्कार जाहीर झाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्याच दिवशी के फाउंडेशन नावाच्या दोन खोडकर कलावंतांच्या जोडीने ‘सर्वांत वाईट कलावंत’ म्हणून बरोबर दुप्पट, म्हणजे चाळीस हजार पौंडांचे बक्षीस त्यांच्या गळ्यात मारले, आणि त्याच दिवशी बोच्या स्थानिक समितीने ‘हाउस’ पाडण्याच्या बाजूने कौल दिला. के फाउंडेशनच्या बक्षिसाचे पैसे व्हाइटरीड यांनी गरजू कलावंतांना आणि बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. शिल्पाच्या भिंतीवर कोणीतरी ‘कशासाठी?’ असे खरडले होते आणि दुसऱ्या कोणी ‘का नको?’ असे उत्तर लिहिले होते. ११ जानेवारी १९९४ रोजी ते पाडले गेले.

मला स्वतःला तो निर्णय पटत नाही. आणखी काही महिने थांबल्याने उद्यानाचे काही अडले नसते. पण ज्या वस्तीत घरांची टंचाई होती तिथे कोणालाही राहता येणार नाही असे घर का बांधता, असा प्रश्न विचारणाऱ्यांना अडाणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तो प्रश्न त्या शिल्पाच्याच पोटात होता, आणि व्हाइटरीड यांनी तो टाळला असे त्यांच्या कुठल्याच कामावरून दिसत नाही.

लेखाने व्हिएन्नाच्या स्मारकाला दोन ओळी दिल्या आहेत. माझ्या मते तेच त्यांचे सर्वांत महत्त्वाचे वास्तुरूप काम आहे, आणि लेखाच्या सूत्राला छेद देणारेही. नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या पासष्ट हजार ऑस्ट्रियन ज्यूंचे स्मारक उभारावे ही कल्पना नाझी गुन्हेगारांचा शोध घेणाऱ्या सायमन विझेन्थाल यांची. व्हाइटरीड यांनी १९९६ मध्ये त्यासाठीची स्पर्धा जिंकली. यूडेनप्लात्झ या जुन्या चौकात खोदकाम करताना १४२१ साली उद्ध्वस्त केलेल्या मध्ययुगीन सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचे, अवशेष सापडले, वाद वाढले, काम रखडले आणि शेवटी २५ ऑक्टोबर २००० रोजी अनावरण झाले. (‘हाउस’ पूर्ण झाल्याला त्या दिवशी सात वर्षे होत होती, हा निव्वळ योगायोग असावा.) दहा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि जेमतेम चार मीटर उंच अशी ही काँक्रीटची खोली आहे. तिच्या बाहेरच्या अंगावर चारी बाजूंनी पुस्तकांच्या रांगाच रांगा आहेत, पण पुस्तके नेहमीपेक्षा उलटी लावलेली असून त्यांचे कणे आत आणि पानांच्या कडा बाहेर आहेत. एकाही पुस्तकाचे नाव वाचता येत नाही. समोर दोन झडपांचे दार आहे, त्याला मूठ नाही. ज्या ज्या ठिकाणी या माणसांना ठार मारण्यात आले, त्या ठिकाणांची नावे तळाच्या चौथऱ्यावर कोरली आहेत. इथे कोणत्याही मूळ खोलीचा ठसा घेतलेला नाही. असे ग्रंथालय त्या चौकात कधी नव्हतेच. ज्याचे जतन करायचे ते काहीच शिल्लक नसताना वास्तूची भाषा कशी वापरायची, याचे याहून कठोर उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. कागदाच्या कडांचा तो खरखरीत पोत काँक्रीटमध्ये एकसारखा आणणे किती कठीण आहे, हे ज्याने कधी उघड्या काँक्रीटचे काम करून घेतले आहे त्यालाच कळेल, आणि म्हणून ‘यात कारागिरी काय, नुसता साचा’ या लेखातल्या शेऱ्याला मी वेगळे उत्तर देत बसत नाही.

राहता राहिली बीडीडी चाळीची सूचना. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे १९२० च्या दशकात बांधलेल्या या २०७ चाळींतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. लेखकाचा हेतू चांगला आहे, पण व्हाइटरीड यांच्या पद्धतीने अशा एका खोलीचा ठसा घेतला तर हाती काय येईल? आर्चवे रोडवरची बैठकीची खोली दार लावून घेण्यासाठी बांधली होती. तिचे बंदिस्तपण हेच तिचे स्वरूप. चाळीतले दार दिवसभर उघडे. मुलांचा अभ्यास, धान्य निवडणे, भांडणे, रात्रीची अंथरुणे, यातले बरेचसे मधल्या लांब बोळात किंवा शेजारच्या खोलीत. १६० चौरस फुटांचा भरीव ठोकळा उभा केला तर त्यातून हे सगळे वगळले जाईल आणि उरेल तो नुसता कोंदटपणा, जो बाहेरच्यांना आधीच ठाऊक असतो. ठसा घ्यायचाच असेल तर तो त्या बोळाचा घ्यावा लागेल, दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांसकट. आणि तसे करावे की नाही हे तिथे जन्म काढलेल्यांना आधी विचारावे लागेल. त्यांतल्या अनेकांनी नव्या इमारतीतल्या घरासाठी फार वाट पाहिली आहे. जुन्या खोलीविषयी त्यांना जिव्हाळा असेल तसा वैतागही असेल, आणि शिल्पात दोन्ही यायला हवे.

शेवटी एक दुरुस्ती. ‘हे काम पाहायला लंडनलाच जावे लागते’ असे लेखात म्हटले आहे. ‘घोस्ट’ वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संग्रहात आहे. पाण्याच्या लाकडी टाकीचा अर्धपारदर्शक राळेत घेतलेला १९९८ चा ठसा न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी वाचकांना ही दोन कामे जवळची. व्हिएन्नाचे स्मारक उघड्या चौकात असल्याने त्याला तिकीट नाही. सिनेगॉगचे अवशेष पाहायचे असतील तर मात्र त्याच चौकातल्या संग्रहालयाचे तिकीट काढावे लागते.

कळावे,
आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, डोंबिवली