विषय: खोक्यावर २.६८ मिली, आत १.३४ मिली

ग्राहक सेवा विभागप्रमुख यांस,

चौथा फोनही तुमच्या माणसानं मध्येच ठेवला, म्हणून आता लेखी.

गोचिडांसाठीचं तुमचं फिप्रोनिल ९.७ टक्के स्पॉट-ऑन, म्हणजे कातडीवर सोडायचं औषध. खोकं २० ते ४० किलोच्या कुत्र्याचं, छापील मात्रा २.६८ मिली. आतल्या तिन्ही ट्यूबांवर मात्र १.३४ मिली; म्हणजे १० ते २० किलोचा माल. कुत्रा २४ किलोचा. पहिली ट्यूब खोक्यावर विसंबून लावली, फरक दुसरी काढताना दिसला.

फोनवर आधी उलटतपासणी. केस बाजूला करून कातडीवर सोडलं का? हो, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथं जीभ पोचत नाही. अंघोळ? आधी दोन दिवस नाही, नंतरही दोन दिवस नाही. मग जरा थांबून, "सर, अर्धा डोस गेला तर अर्धे गोचीड तरी मेले असतील ना?"

वा! हे खोक्यावरच छापा.

हे औषध कातडीच्या तेलात पसरतं, तेलग्रंथींत साठतं आणि तिथून महिनाभर झिरपतं. साठाच अर्धा, तर महिना कसा निघणार? चिकटलेला गोचीड ४८ तासांत मरायला हवा, कारण बबेशिया हा रक्तातला परजीवी गोचिडाच्या लाळेतून कुत्र्याच्या रक्तात उतरायला साधारण दोन-तीन दिवस घेतो. तेवढ्याच फरकाचे पैसे तुम्ही घेता. तिसऱ्या आठवड्यात कानात आणि पंजांच्या बोटांमध्ये गोचीड. मग ताप, पांढऱ्या हिरड्या, काळ्या चहासारखी लघवी. रक्ताच्या स्मिअरमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत, बबेशिया निघाला. तो ट्यूबमुळेच झाला असं म्हणत नाही, शंभर टक्के संरक्षण कुठलंच स्पॉट-ऑन देत नाही. पण खोक्यावर २.६८ आणि आत १.३४, हे कसं?

"मग दोन एकदम लावा," हा तुमचा तोडगा. तीन ट्यूबा, दीड महिना. पैसे तीन महिन्यांचे! आणि अदलाबदल उलटीही झाली असेल, तर मोठी ट्यूब कुणाच्या १२ किलोच्या कुत्र्यावर रिकामी होतेय, हे कोण बघतंय? बॅच परत मागवा. इतकी वर्षं दुसऱ्यांनाही हेच औषध सुचवलं, त्याची आता लाज वाटते.

सात दिवसांत लेखी उत्तर नाही आलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आणि अन्न व औषध प्रशासन, दोन्हीकडे तक्रार जाईल. खोकं, रिकामी ट्यूब, दोन भरलेल्या आणि बिल "कुरिअरनं पाठवा" म्हणालात. पाठवणार नाही. फोटो सोबत आहेत, बॅच नंबर त्यात वाचता येतो.

एक ग्राहक