दुहेरीलाही जागा द्या

मा. संपादक,

बेळगावात शहापूरला मी बॅडमिंटन रॅकेटचे गटिंग करतो, म्हणजे जाळी विणतो. दुकानात येणारी पोरे सिंधू, लक्ष्य सेन या एकेरीच्या खेळाडूंबद्दलच बोलतात. दुहेरी म्हणजे कोर्ट कमी पडले की खेळायचा प्रकार, असा समज! त्यांना मी माथियास बो याचे नाव सांगतो. डेन्मार्कचा हा डावखुरा आणि उजवा कार्स्टन मोगेन्सन यांनी 2011 आणि 2015 मध्ये ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकली, लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवले. अंतिम फेरीत चीनचे काई युन आणि फू हायफंग भारी पडले. 2016 च्या जानेवारीत भारतातल्या लीगवेळी मोगेन्सनला मेंदूच्या रक्तवाहिनीचा गंभीर आजार झाला, तरी त्याच वर्षी दोघे रिओ ऑलिंपिकला उतरले. याला म्हणतात जोडीदार!

पुढे हाच बो भारताच्या सात्त्विक-चिराग या दुहेरीच्या जोडीचा प्रशिक्षक झाला आणि 2023 मध्ये या जोडीने आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ही जोडी उपांत्यपूर्व फेरीत हरल्यावर बोने प्रशिक्षकपद सोडले. पदक हुकल्याची बातमी ठळक छापून आली, पण त्यामागच्या माणसाबद्दल क्रीडा पानावर मला फारसे वाचायला मिळाले नाही. (अभिनेत्री तापसी पन्नूशी त्याच्या लग्नाची बातमी मात्र आमच्या घरी बायकोला आधी ठाऊक!) दुहेरीच्या निकालासोबत चार ओळी खेळाच्याही छापाव्यात, ही विनंती.

— एक गटिंगवाला, शहापूर, बेळगाव